लंकाबाई गर्जे आणि दुधाचा काटा

टेकाळवाडीचं दूध बंद झालं त्या सकाळी लंकाबाई गर्जे दूध केंद्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होती. बाहेर धक्क्यावर कॅन उतरत होते, आणि मॅनेजरचा आवाज खिडकीतून आत येत होता.

"उद्यापासून तुमची गाडी इथं आणायची नाही. या महिन्यात तीन टँकर शहरातनं परत आले. तिन्ही वेळा नासका कॅन तुमचाच. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी घालता आणि दूध म्हणून आणता."

टेकाळवाडीचा छगन बैलगाडीच्या जुवाशी उभा होता. तो गावाचं दूध गोळा करून रोज सात मैल गाडी हाकत आणायचा. "सायेब, आमच्या इहिरीला पानीच न्हाई," तो म्हणाला. "घालायला तरी कुठनं आननार?"

मॅनेजर आत निघून गेला. छगननं गाडी वळवली. परत केलेलं दूध त्यानं लगेच ओतलं नाही. पुढं खडी फोडायच्या दुष्काळी कामावरच्या बायकांना तापवून प्यायला देता येईल म्हणून झाकण उघडून पाहिलं, वास घेतला, आणि मग मात्र मान फिरवून ते खड्ड्यात ओतलं. लंकाबाईनं खिडकीतून हे सगळं पाहिलं.

सन १९७३चा चैत्र होता. दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. काष्टीपासून चार मैलांवर, सडकेच्या कडेला हे केंद्र. आसपासच्या पंधरा-वीस गावांचं दूध इथं यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं शहरात जायचं. जनावरं छावण्यांत, वैरण मैलोन्‌मैल लांबून आणलेली. अशा दिवसांत ज्यांच्या दावणीला एखादी दुभती गाय टिकली होती, त्यांच्या घरात चूल पेटायची ती दुधावर. टेकाळवाडीत अशी चाळीस घरं होती.

लंकाबाई मूळची पाथर्डीकडची. लग्न झालं तेव्हापासून दर दिवाळीनंतर नवरा बन्सी आणि ती कोयता घेऊन ऊसतोडीला निघायची. चार वर्षांमागं याच तालुक्यातल्या एका फडात, पहाटेच्या दवात, ऊस धरलेल्या डाव्या हातावरच कोयता घसरला आणि करंगळी व शेजारचं बोट गेलं. हात बरा झाला, पण तोडणीत तिची जोडी कोण लावून घेणार? टोळी पुढं गेली आणि ही दोघं इथंच राहिली. बन्सीला मिळेल ते काम. लंकाबाईला केंद्रात नळ्या-बाटल्या धुण्याचं, तेही रोजंदारीवर. आठ बोटांनी ती इतक्या हलक्या हातानं काच धुवायची, की तीन वर्षांत तिच्याकडून एक नळी फुटली नव्हती. चौथीपर्यंत शिकलेली होती. अक्षर मोठं आणि वाकडं, पण वाचता येई.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणजे राधाकृष्ण पुंड. पस्तिशीचे, सडपातळ, बोलताना समोरच्याकडं न पाहता नळीकडं पाहणारे. दूध तपासायची त्यांची मुख्य रीत निळ्या औषधाची होती. नळीत दूध घ्यायचं, त्यात निळीसारखं औषध टाकायचं आणि नळी कोमट पाण्यात ठेवायची. दुधात जंतू कमी असले तर पाच-पाच तास निळं राहतं. जास्त असले तर ते दुधातली हवा खाऊन टाकतात आणि निळा रंग उडून दूध पांढरं होतं. जितक्या लवकर पांढरं, तितकं दूध वाईट. पण औषधाच्या गोळ्या मुंबईहून यायच्या आणि तीन महिन्यांत आल्या नव्हत्या. बाटलीत शेवटच्या नऊ राहिल्या होत्या. त्या पुंडांनी अडीनडीला राखून ठेवल्या होत्या. गोळ्या होत्या तेव्हाही फक्त टँकरमधल्या एकत्र दुधाची परीक्षा व्हायची, आणि निकाल लागेपर्यंत टँकर निम्म्या वाटेवर असायचा.

"सायेब," त्या दुपारी लंकाबाई म्हणाली, "टेकाळवाडीचंच कसं काय नासतंय? त्या बायका लई नेटक्या हायेत. छगनदादा दुधाला फडकं बांधून आनतो."

"मलाही पटत नाही," पुंड म्हणाले. "पण प्रत्येक कॅनला निळी नळी लावायला गोळ्या कुठं आहेत? वासावरनं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो."

लंकाबाईनं कपाटाच्या वरच्या खणाकडं पाहिलं. तिथं एक यंत्र धूळ खात पडलं होतं. लोखंडी पेटी, तिच्यावर काच, काचेखाली काटा. परदेशी मदतीतून आलेलं, दुधाची आंबटाई मोजायचं. ती रोज त्याच्यावरून फडकं फिरवायची. "त्याला काय झालंय?"

"तापतच नाही. आणि ते दुरुस्त करणारा माणूस पुण्यात."

"काष्टीच्या बाजारात रेडू दुरुस्त करतो एकजन. गोरक्षनाथ. ह्याच्या मागल्या जाळीतनं दिसत्यात तसलेच दिवे त्याच्या दुकानात लागत्यात, मी पाह्यलेत."

पुंडांना हसू आलं, पण शनिवारी यंत्र पोत्यात गुंडाळून तिला घेऊन ते काष्टीला गेले. गोरक्षनाथनं मागचं झाकण उघडलं आणि तो खूश झाला. आत रेडिओसारखेच काचेच्या दिव्यांचे व्हॉल्व्ह होते. एक जळालेला होता, एक कंडेन्सर फुगला होता. मोडीत निघालेल्या एका जुन्या रेडिओतून त्यानं दोन्ही काढून दिलं. संध्याकाळपर्यंत काटा हलू लागला.

पण केंद्रात आणून जोडणी करायला घेतली आणि पुंडांनी कपाळाला हात लावला. यंत्राला दुधात बुडवायच्या दोन कांड्या होत्या. त्यातल्या एकीच्या टोकाचा पातळ काचेचा गोळा कधीच तडकला होता. त्याच्याशिवाय आंबटाई मोजता येत नाही, आणि तसला गोळा अख्ख्या जिल्ह्यात मिळणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी आल्याआल्या त्यांनी कॉलेजातलं एक जाड पुस्तक टेबलावर ठेवलं. "लंकाबाई, जंतू तपासायची ती तार कुठं आहे? काचेच्या दांडीत बसवलेली, चांदीसारखी?"

तिनं खणातून काढून दिली. प्लॅटिनमची तार, बोटभर लांब.

"ऐका," पुंड म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडं पाहून बोलले. "निळा रंग का उडतो? जंतू दुधातली हवा खातात म्हणून. हवा संपत आली की दुधातली विजेची ओढ बदलते. रंग हे फक्त डोळ्यांना दिसतं. ती ओढ या तारेनं थेट मोजता येते. फुटक्या कांडीच्या जागी तार, शेजारी ही दुसरी शाबूत कांडी, आणि काट्याची खालची पट्टी. म्हणजे गोळ्या नकोत, रंग नको. फक्त काटा पडतो का ते बघायचं."

ऐकायला सोपं होतं. प्रत्यक्षात काटा वेड्यासारखा वागला. एकाच गायीच्या दुधाच्या दोन नळ्यांत दोन आकडे. मघाशी खाली आलेला काटा नळी हलली की पुन्हा वर. पुंडांनी आठ दिवस वह्या भरल्या आणि नवव्या दिवशी वही मिटली. "पुस्तकातलं पुस्तकातच बरं," ते म्हणाले.

त्या आठ दिवसांत नळ्या भरत होती लंकाबाई. काटा कधी पडतो आणि कधी उसळतो, हे तिच्या हातांना पुंडांच्या वहीपेक्षा जास्त कळलं होतं. उंचावरून ओतलं, फेस आला, की काटा वर जायचा. नळी निवांत राहिली की उतरायचा. वही मिटली त्या दिवशी ती घरी गेली, भाकरीबरोबर घ्यायला तिनं बरणीतली कैरीची फोड काढली आणि काढता काढता थांबली. बरणीवर दोन बोटं तेल होतं. ते कमी झालं की लोणच्यावर बुरशी येते, हे तिला आईनं लहानपणी शिकवलं होतं. तेल असतं ते हवा आत जाऊ नये म्हणून.

बन्सी म्हणाला, "काय झालं गं? जेव की."

"दुधाला वरनं वारं लागतंय," ती म्हणाली. त्याला काही कळलं नाही, तरी त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती वाटीत गोडेतेल घेऊन आली. नळीच्या कडेनं, फेस येऊ न देता तिनं दूध सोडलं, आणि वर तेलाचा पातळ थर दिला. मग तार घातली. काटा मुळीच हलला नाही. पुंडांनी तार काढून पाहिली. तेलातून जाताना तिला तेल माखलं होतं. आता पुंडच उतावीळ झाले होते, पण लंकाबाईनं त्यांच्या हातातून तार घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत धरली आणि गार होऊ दिली.

"आदी तार," ती म्हणाली, "मग तेल."

त्या दिवशी काटा पहिल्यांदा माणसासारखा वागला. ताज्या काढलेल्या दुधात तो पट्टीवरच्या अठ्ठावीस घरांवर उभा राहिला आणि दहा मिनिटांत जेमतेम दोन घरं सरकला. कालच्या उरलेल्या दुधात तो दहा मिनिटांत सोळा घरं खाली आला. पुंडांनी शिल्लक गोळ्यांतल्या दोन घालून खात्री केली. कालच्या दुधाचा रंग अर्ध्या तासात उडाला, ताजं संध्याकाळपर्यंत निळं राहिलं. जे समजायला एरवी निम्मा दिवस जायचा, ते आता चहा उकळेपर्यंत कळत होतं.

पुंड म्हणाले, "आता टेकाळवाडी."

कुणाचं दूध चांगलं हे सांगणं एक, आणि ते बिघडतं कुठं हे शोधणं वेगळं. ते लंकाबाईनं आपल्या डोक्यानं जुळवलं. तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी मॅनेजरनं कधी पाहिली नव्हती, कारण तो धुण्याच्या बाजूला कधी यायचाच नाही. पाण्याचा टँकर दोन दिवसांतून एकदा यायचा. म्हणून रिकामे कॅन धुवायचे दोन हौद सकाळी एकदाच भरायचे आणि शंभरावर कॅन त्याच पाण्यात बुडवून काढायचे. जवळच्या गावांच्या गाड्या आधी येत, त्यांचे कॅन आधी धुतले जात. टेकाळवाडी सगळ्यांत लांब, त्यांची गाडी शेवटी. त्यांचे कॅन धुवायची पाळी येईपर्यंत हौदातलं पाणी ताकाच्या निवळीसारखं झालेलं असायचं.

तिनं बन्सीच्या हाती छगनला निरोप धाडला. छगन सायकलवर आला. लंकाबाईनं त्याला तीन भांडी दिली. उकळत्या पाण्यातून काढलेली एक बाटली, सकाळी पहिल्यांदा धुतलेला एक छोटा कॅन, आणि शेवटी धुतलेला दुसरा.

"एकाच गाईचं दूध तिन्हीत घालायचं," तिनं सांगितलं. "एकाच यळंला. आनि तिन्ही एकाच गाडीत, एकाच उन्हातनं आनायचं. एकाला सावली न् एकाला ऊन, असं करू नगं."

"अक्का, यानं काय व्हनार?"

"तुमची गाय खरं बोलती का खोटं, ते कळंल."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता छगन घामानं निथळत आला. पुंडांनी दार आतून लावलं. बाटलीतलं दूध: काटा तीन घरं उतरला. पहिल्या कॅनमधलं: पाच घरं. शेवटच्या कॅनमधलं नळीत घेऊन तार घातली, तेल सोडलं, आणि तिघांच्या डोळ्यांसमोर काटा जणू उतारावरची गाडी निघावी तसा निघाला. दहा मिनिटांत एकोणीस घरं.

छगन खाली बसला. मग म्हणाला, "म्हंजी आमच्या दुधात इख आमी न्हाई घातलं."

"न्हाई," लंकाबाई म्हणाली. "ते हितनंच गेलंय, कॅनातनं."

पुंडांनी मॅनेजरला सांगितलं, तेव्हा त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. "बाटल्या धुणाऱ्या बाईनं गोडेतेल घालून शोध लावला, असं मी वर कळवू? माझ्या हौदाला नावं ठेवायची असतील तर पाणी तुम्ही आणा." मग लंकाबाईकडं वळून म्हणाला, "तू रोजंदारीवर आहेस, हे लक्षात ठेव."

ती त्या दिवशी घरी जाताना घाबरली नव्हती असं नाही. नोकरी गेली तर पुन्हा खडी फोडायला जावं लागणार, आणि आठ बोटांना हातोडा पेलत नाही. पण खड्ड्यात ओतलेलं ते दूध तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. सकाळी ती नेहमीच्या वेळी हजर झाली, आणि पुंडांनी तिला एक कागद दाखवला. त्यांनी जिल्ह्याच्या दुग्ध अधिकाऱ्यांना सरळ पत्र लिहिलं होतं. खाली त्यांच्या सहीशेजारी जागा मोकळी सोडलेली होती. लंकाबाईनं तिथं आपलं मोठं, वाकडं नाव लिहिलं.

अधिकारी नऊ दिवसांनी आले. जाड चष्मा, पांढरा बुशशर्ट, फार न बोलणारा माणूस. त्यांनी मॅनेजरचं ऐकलं, पुंडांचं ऐकलं, आणि म्हणाले, "वाद कशाला? मी नळ्या भरतो."

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. वेगवेगळ्या कॅनमधून स्वतः सहा नळ्या भरल्या, त्यांवर खडूनं आकडे घातले आणि कुठली नळी कशातली ते खिशातल्या डायरीत टिपलं. प्रत्येक नळीच्या जोडीला त्याच दुधाची दुसरी नळी भरून तीत पुंडांच्या जवळची निळी गोळी टाकली, आणि त्या सहा कोमट पाण्यात ठेवल्या. जवळ सातच गोळ्या होत्या, त्यांतली आता एक उरली. मग त्यांनी लंकाबाईला आत बोलावलं.

केंद्रातली सगळी माणसं दारात आणि खिडकीत गोळा झाली. लंकाबाईनं पदर खोचला. तार लाल केली, गार केली, नळीत सोडली, कडेनं तेल ओतलं. घड्याळ पाहिलं. कागदावर आकडा लिहिला. पुन्हा तार लाल केली. सहा नळ्यांना सव्वा तास लागला.

"दोन नंबर आनि पाच नंबर," ती शेवटी म्हणाली. "दोन लई वाईट. पाच त्याच्याहून थोडं बरं, पर टँकरात घालाया नगं. बाकीचं चांगलं हाय."

अधिकाऱ्यांनी कोमट पाण्यातल्या नळ्या वर काढल्या. दोन नंबर दुधासारखी पांढरी झाली होती. बाकी पाच निळ्या होत्या, पाचवीसुद्धा.

मॅनेजर म्हणाला, "पाच चुकलं."

"थांबा की," लंकाबाई म्हणाली. "काटा आधी सांगतो. रंग मागनं."

सगळे थांबले. कुणी जेवायला गेलं नाही. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. पाचव्या नळीचा निळा रंग तळाकडून फिका होत आला आणि पाहता पाहता विरून गेला. उरलेल्या चार नळ्या संध्याकाळी अधिकारी जीपमध्ये बसेपर्यंत निळ्याच होत्या. त्यांनी डायरी उघडून वाचून दाखवलं. दोन आणि पाच या हौदातून सगळ्यांत शेवटी निघालेल्या कॅनमधल्या नळ्या होत्या. दूध मात्र सहाही नळ्यांत एकच होतं, केंद्राच्या दारात बांधलेल्या गायीचं, सकाळी त्यांनीच त्या कॅनांत घालून ठेवलेलं.

धुण्याच्या बाजूला जाऊन त्यांनी हौदात हात बुडवला, वर काढून नाकाशी नेला आणि रुमालानं पुसला. मागच्या खोलीत एक लहान बॉयलर होता, पाणी खातो म्हणून बंद ठेवलेला. पुंडांनी हिशोब मांडून दाखवला, की वाफेनं कॅन भाजला तर त्याला तांब्याभर पाणीही लागत नाही. हौदात त्याच्या कितीतरी पट जातं. बॉयलर दुसऱ्याच दिवशी पेटला. महिनाअखेर मॅनेजरची बदली झाली.

बंदी उठली आणि टेकाळवाडीची गाडी पुन्हा आली ती बॉयलर पेटल्यानंतरच्या गुरुवारी. एरवी शेवटी येणारी ती गाडी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी धक्क्याला लागली होती. छगन रात्र असतानाच निघाला असला पाहिजे. गाडीत त्याच्या मागं गावातल्या चार बायका बसल्या होत्या. त्यांतल्या सगळ्यांत वयस्क मालनबाईंनी उतरल्या उतरल्या लंकाबाईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. दुष्काळात नारळ कुठला, म्हणून ओटीत खोबऱ्याची वाटी होती.

"आमची चाळीस घरं खोटी ठरली हुती बाई," त्या म्हणाल्या. "तू खरी केलीस."

लंकाबाईनं कॅनचं झाकण उघडलं, दूध घेतलं आणि नळी लावली. दहा मिनिटं सगळ्या बायका काट्याकडं पाहत उभ्या राहिल्या. काटा दोन घरं सरकला आणि थांबला. मग मालनबाई हसल्या, आणि बाकीच्याही हसू लागल्या, आणि धक्क्यावरचे हमालही विनाकारण हसू लागले.

त्या उन्हाळ्यात केंद्राचा एकही टँकर परत आला नाही. पाऊस पडून गेल्यावर लंकाबाईला कायम नेमणुकीचा कागद मिळाला. 'प्रयोगशाळा सहायक' असं त्यावर टाइप केलेलं होतं. बन्सीनं तो तीनदा वाचून घेतला, कारण त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. गोरक्षनाथनं आपल्या दुकानाच्या पाटीवर 'रेडिओ'च्या खाली 'व दूध यंत्र' असं रंगवून घेतलं, आणि दोन तालुक्यांतून त्याच्याकडं यंत्रं येऊ लागली.

पुढल्या वर्षी दुसऱ्या केंद्रांतले सात जण शिकायला आले. सगळे पँट घातलेले, दोघे पदवीधर. खुर्च्यांवर बसून त्यांनी वह्या काढल्या आणि साहेबांची वाट पाहू लागले. पुंड दारातच थांबले आणि त्यांनी लंकाबाईला पुढं केलं.

एकानं अदबीनं विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण किती झालंय?"

"चौथी," लंकाबाई म्हणाली. "वह्या ठेवा तिकडं. हात धुऊन या, आनि एकेकानं तार धरा."